अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत वापरतो. परंतु खोकताना, शिंकताना लघवी निसटते, हे सांगण्याची वेळ आली की हसू मावळते. बाळंतपणानंतर अनेक स्त्रिया हा त्रास निमूटपणे सोसतात. प्रवासात पाणीसुद्धा पीत नाहीत. याच दुखण्यावर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता आपल्याकडेही आहेत.

ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना आधार देणारी स्नायूंची जणू झोळीच असते. ती सैल पडल्यास करावयाचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला. तो दिसतो सोपा, पण हमखास चुकतो. स्नायू आत व वर ओढण्याऐवजी कित्येकजणी खाली जोर देतात आणि त्रास वाढवून घेतात. म्हणून थेरपिस्टचे पहिले काम ऐकून घेण्याचे. तपासणी त्यानंतर, आणि तीही रुग्णेच्या संमतीनेच. काहींचे स्नायू सैल नव्हे, उलट ताठरलेले आढळतात. त्यांना आवळण्याऐवजी सैल सोडण्यास शिकवावे लागते. गुण येण्यास साधारणतः तीन महिन्यांचा नियमित सराव लागतो.

पहिल्या भेटीस जाताना तीन दिवसांची नोंद सोबत न्यावी: पाणी किती प्यायले, लघवीस किती वेळा जावे लागले, केव्हा निसटली. पासबुकातील नोंदींप्रमाणे तीही रोजच्या रोज झालेली बरी.