हृदयाच्या फोटोतून आलेला कुंचला

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवर चित्रं तयार करायची नवी सोय आली आणि बघता बघता आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे लग्नाचे, बारशाचे, ट्रेकचे फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या चित्रांसारखे दिसू लागले. साहजिकच प्रश्न येतो: एका वाक्यात फोटोचं पेंटिंग होत असेल, तर क्रिता किंवा कोरल पेंटरसारखं चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर शिकण्यात वेळ का घालवायचा? याचं उत्तर मला पन्नास वर्षांपूर्वीच्या क्योटोत सापडतं. तिथे कोणी चित्र काढायला बसलं नव्हतं, हृदयाची तपासणी चालली होती.

मिचियोशी कुवाहारा आणि त्यांचे सहकारी धडधडत्या हृदयाच्या प्रतिमांवर काम करत होते. रुग्णाच्या रक्तात किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडायचं आणि त्यातून निघणारे गॅमा किरण टिपायचे, अशी ती पद्धत. पण हृदय काही फोटोसाठी थांबत नाही. एकेका प्रतिमेला क्षणभराचाच अवधी मिळतो, तेवढ्यात मोजकेच किरण हाती लागतात आणि प्रतिमा रवाळ, ठिपक्याठिपक्यांची येते. ठिपके घालवायला आजूबाजूची सरासरी काढावी, तर हृदयाची कडाच पुसट होते. डॉक्टरांना तर नेमकी तीच हवी असते.

कुवाहारांनी १९७६ मध्ये मांडलेला तोडगा शाळकरी मुलालाही वहीत करून बघता येईल. एका पिक्सेलभोवती ५ बाय ५ चा चौकोन घ्या. त्यात ३ बाय ३ चे चार तुकडे पाडा, एकमेकांवर थोडे चढलेले, मधला पिक्सेल चारही तुकड्यांत येईल असे. प्रत्येक तुकड्याची सरासरी काढा आणि त्यातले आकडे आपसांत किती फाकलेत तेही बघा. ज्या तुकड्यात फाकणं सर्वांत कमी, त्याची सरासरी मधल्या पिक्सेलला द्यायची. चार शेजाऱ्यांना सल्ला विचारावा आणि ज्या घरात एकमत आहे त्याचंच ऐकावं, तसं हे आहे.

समजा, २०० उजेडाच्या भिंतीला लागून उजवीकडे ६० उजेडाचा तांब्याचा हंडा आहे आणि आपला पिक्सेल भिंतीचा, पण अगदी हंड्याला चिकटलेला. साध्या सरासरीने त्याची किंमत १४४ येते, म्हणजे ना धड भिंत ना धड हंडा. कुवाहारांच्या रीतीने उजवीकडच्या तुकड्यांत भांडण दिसतं, डावीकडे सगळे २०० म्हणतात; पिक्सेल २०० होतो. कडा जागच्या जागी राहते, आतली बारीकसारीक कुरकुर मात्र एका सपाट रंगात विरून जाते. चपट्या ब्रशने तैलरंगाचा एकच टोन कडेपर्यंत भरत न्यावा, तसाच हा परिणाम! रुग्णालयासाठी केलेलं गणित साध्या फोटोला लावलं की पेंटिंग दिसू लागतं, ही विज्ञानातली मला फार आवडणारी योगायोगाची गोष्ट आहे.

या रीतीत दोष होते. रंगाचे पट्टे चौकोनी दिसत आणि दोन तुकडे सारखेच शांत असले की निवड कशीही होई. पुढे कायप्रियानिडिस, कांग आणि डॉल्नर यांनी २००९ मध्ये हे तुकडे चित्रातल्या स्थानिक दिशेने ताणले, आणि केसांच्या बटेवरचे पट्टे बटेच्याच वळणाने जाऊ लागले. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ब्लेंडर ४.० या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये हा फिल्टर कुवाहारांच्याच नावाने आहे. पण संगणकी चित्रकलेवर रकानेच्या रकाने लिहिले जातात, त्यात हे नाव शोधूनही सापडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

दरम्यान एक वेगळी वाटही निघाली. २०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी न्यूरल नेटवर्क वापरून व्हॅन गॉगची शैली फोटोवर चढवून दाखवली. काम अप्रतिमच होतं. तरी त्यात शैली म्हणजे पोत आणि रंग एकमेकांसोबत किती वेळा येतात याचा हिशेब. आताची साधनं तर तुमचा फोटो बघून नवंच चित्र रचतात. म्हणून चेहरा ओळखीचा वाटतो, पण तोच नसतो.

शिकणाऱ्याने मात्र पॉल हेबर्ली यांच्याकडे जावं. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना त्यांनी १९९० मध्ये एक साधा प्रोग्रॅम मांडला. पडद्यावर कोरा कॅनव्हास, फोटो आड दडलेला. तुम्ही जिथे ब्रश टेकवाल तिथला रंग संगणक फोटोतून उचलणार. फटकारा कुठे द्यायचा, केवढा द्यायचा, हे ठरवणार तुम्ही. कोरल पेंटरच्या क्लोनर ब्रशमध्ये हीच मजा आहे. यात रंगमिश्रणाची धास्ती संपते आणि सगळं लक्ष निवडीवर येतं. नऊवारीतल्या आजीच्या फोटोत फिल्टरला नथीतला मोती आणि मागच्या भिंतीचा पोपडा सारखेच. दोन्हींवर तो तेवढीच मेहनत घेतो. कोणता सोडायचा, हे त्याला कळत नाही.

आरन हर्ट्झमन यांनी १९९८ मध्ये फटकाऱ्यांचा क्रमही गणितात बसवला. आधी मोठ्या ब्रशने अख्खं चित्र, मग मूळ फोटोशी ताडून जिथे फार फरक पडतो तिथेच लहान ब्रश. डोळे किलकिले करून मोठे आकार आधी भरा, असं चित्रकलेचे शिक्षक वर्गात सांगतात, तेच हे.

घरी करून बघायला क्रिता फुकट मिळतं. फोटो खालच्या लेअरवर ठेवा, वर कोरा लेअर घ्या. ब्रश हातात असताना कंट्रोल दाबून फोटोवर टेकवलं की तिथला रंग ब्रशला लागतो. सुरुवात इतक्या मोठ्या ब्रशने करा की नाकडोळे काढताच येणार नाहीत. सावली, उजेड, साडीचा रंग एवढंच भरा. वरचा लेअर पुरेसा भरला की ब्रश निम्मा करा आणि फक्त चेहऱ्याकडे आणि हातांकडे वळा. सर्वांत लहान ब्रशचे चारदोन फटकारे नथीसाठी राखून ठेवा. भिंतीच्या पोपड्याला तो लावूच नका.