आधी पट्टी, मग खातेवही

आपल्या घरांतली बरीच मुलंमुली आता इंदूर, पुणे, बेंगळुरूला सॉफ्टवेअरच्या कामात आहेत. त्यांच्यात एक वाद नेहमी रंगतो: नवं काम हाती घेतलं की आधी डेटाबेस मांडायचा की आधी स्क्रीन? मी स्क्रीनच्या बाजूचा. कारण सांगायला आपल्या बऱ्हाणपूरची केळी पुरेशी आहेत.

केळी विकली की शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी येते: वजन, भाव, वजावट आणि शेवटी मिळणारी रक्कम. समजा, याचं ॲप करायचं आहे. थेट डेटाबेसला बसलो, तर आपण ‘शेतकरी’, ‘व्यापारी’, ‘विक्री’ असे तीन तक्ते करतो आणि एका विक्रीला एक वजन, एक भाव देऊन मोकळे होतो. त्याऐवजी कोऱ्या कागदावर पट्टी काढा, खरे वाटतील असे आकडे भरा आणि शेती करणाऱ्या एखाद्या काकांना दाखवा. ते आधी शेवटचा आकडा बघतील. मग विचारतील, “चांगला माल न् हलका माल एकाच भावात कसा? मी घेतलेली उचल कुठं वजा केली?”

या दोन प्रश्नांनी सगळी मांडणी बदलते. एका पट्टीत अनेक ओळी, प्रत्येक ओळीला आपला भाव, उचलीचा तक्ता वेगळा. कागद फाडून नवा घेता येतो. हजारो पट्ट्या साठल्यावर हीच दुरुस्ती जिकिरीची होते, आणि तीत एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी घामाचे पैसे बुडतात.

अमेरिकेत जेफ हॉकिन्स यांनी हेच केलं. त्यांचा ‘पायलट’ हा खिशातला संगणक १९९६ मध्ये बाजारात आला. त्याआधी ते त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि त्यावर नोंदी केल्यासारखं करून बघत.

पण स्क्रीनवर सगळं दिसत नाही, हेही खरं. रहीम खानखानांच्या काळातला आपला कुंडी भंडारा बघा. वर दिसतात त्या कुंड्या. पाणी मात्र सातपुड्याच्या बाजूने जमिनीखालच्या बोगद्यातून येतं. बोगद्याचा उतार चुकला असता, तर कुंड्या कोरड्याच राहिल्या असत्या. तसंच इथं. उद्या भाव बदलला तरी कालची पट्टी बदलता कामा नये. रद्द झालेली पट्टी पुसायची नाही, ‘रद्द’ म्हणून ठेवायची. हे प्रश्न काका विचारणार नाहीत, ते आपणच विचारायचे.

म्हणून माझा क्रम असा: आधी कागदावरची स्क्रीन, मग वापरणाऱ्यांचे प्रश्न, मग तक्ते, आणि कोड लिहिण्याआधी एका दिवसाच्या खऱ्या पट्ट्या त्या तक्त्यांत भरून पाहणं. दिवाळीला घरी याल तेव्हा जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा मागून घ्या. सरावाला याहून चांगलं साहित्य मिळणार नाही.