खुर्ची, भिंत आणि गोधडी

महिन्यातून एकदा विहारात आम्ही बीपी आणि शुगर तपासायला बसतो. मागच्या वेळी धुण्याभांड्याची चार घरं करणाऱ्या एक ताई कंबर धरूनच आल्या. "जयभीम सिस्टर. डॉक्टर म्हणाले योगा करा. आता या वयात आम्ही डोक्यावर उभं राहायचं का?" रांगेतल्या सगळ्याजणी हसल्या.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट कळली, तिच्यावर मात्र कोणी हसलं नाही. टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या एका तरुणाने तिसऱ्याच महिन्यात गोळ्या बंद केल्या होत्या. खोकला कमी झाला होता आणि कोणीतरी सांगितलं होतं, की श्वासाचे व्यायाम केले की फुप्फुस आपोआप साफ होतं.

एकीला योग म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची कसरत वाटते, दुसऱ्याला तो औषधापेक्षा मोठा वाटतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. ते का चुकीचे, हे सांगण्यासाठी आम्ही आज पुण्यातल्या एका योगशिक्षकाची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचं नाव बी. के. एस. अय्यंगार.

आजारी पोरगा

अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातल्या बेल्लूर गावी झाला. इन्फ्लुएन्झाच्या मोठ्या साथीचं ते वर्ष. पोटात असतानाच आईला तो ताप झालेला. तेरा भावंडांतले हे अकरावे. वडील शिक्षक होते, पण मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. घरात गरिबी, त्यात मलेरिया, टायफॉईड आणि क्षय. हातापायांच्या काड्या, पोट पुढे आलेलं, डोकं तर मानेला पेलवत नसे, असं वर्णन त्यांनी स्वतःच स्वतःचं केलं आहे.

१९३४ साली ते म्हैसूरला बहिणीकडे आले. बहिणीचे यजमान टी. कृष्णम्माचार्य म्हैसूरच्या राजवाड्यात योग शिकवत. त्यांनी या मेहुण्याला आसनं शिकवली, पण शिकवणं फार कडक होतं. एकदा त्यांनी हनुमानासन करायला लावलं. त्यात एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरून जमिनीवर बसायचं असतं. शरीराची तयारी नव्हती. मांडीच्या मागचा स्नायू फाटला आणि पुढे बरेच दिवस पोराला नीट चालता येईना. ही गोष्ट अय्यंगार मोठेपणी स्वतः सांगत. आपण एवढं लक्षात ठेवू, की शरीर तयार नसताना ताणलं तर गुरू कितीही मोठा असला तरी इजा होतेच.

पुण्यातले अर्धपोटी दिवस

१९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पुण्याला डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले. बोली सहा महिन्यांची होती. मराठी येत नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं आणि शिकायला येणारे बरेचजण त्यांच्यापेक्षा धट्टेकट्टे. पुढे ते नियमित कामही गेलं. तेव्हा दोन-तीन दिवसांतून एकदा ताटभर भात आणि एरवी चहा किंवा नळाचं पाणी, असे दिवस त्यांनी काढले. आपल्यातल्या कित्येकांच्या आजा-आजींनी असे दिवस पाहिले आहेत, त्यामुळे ते काय असतं हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवसांत सराव मात्र सुटला नाही. शिकवणारा जवळ नव्हता, म्हणून स्वतःच्या शरीरावरच शोध चालला. कुठे दुखतं, का दुखतं, पाऊल थोडं फिरवलं तर गुडघ्यावरचा भार कमी होतो का, हे ते रोज तपासत. वाकताना आधाराला दगड घेतले, विटा घेतल्या.

१९४३ साली रमामणी यांच्याशी लग्न झालं. त्यांना योगाची काही माहिती नव्हती. नवऱ्याकडूनच त्या शिकल्या आणि मग त्याच्या आसनातली चूक दाखवण्याइतक्या तयार झाल्या. १९७३ साली त्या वारल्या. पुण्यात मॉडेल कॉलनीजवळ १९७५ साली जी संस्था उघडली, तिला त्यांचंच नाव आहे: रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था.

मधल्या काळात अय्यंगार यांचं नाव जगभर झालं होतं. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन त्यांच्याकडे शिकू लागले आणि त्यांच्यामुळे युरोपची वाट उघडली. १९६६ साली 'लाईट ऑन योगा' हे जवळपास ६०० फोटोंचं पुस्तक आलं. मराठीत ते 'योगदीपिका' या नावाने मिळतं. ते फोटो पाहून मात्र कोणी घाबरू नये आणि कोणी लगेच तसं करायलाही जाऊ नये. तीस वर्षांच्या रोजच्या सरावानंतरचे ते फोटो आहेत.

आधार घेणं म्हणजे कमीपणा नाही

अय्यंगार यांचं आमच्या दृष्टीने सर्वात मोठं काम त्या फोटोंत दिसत नाही. त्यांच्याकडे आजारी माणसं येत, म्हातारी येत, पाठीचं दुखणं घेऊन येत. हात जमिनीला टेकत नसेल तर त्यांनी हाताखाली लाकडी ठोकळा दिला. पाय धरता येत नसेल तर पट्टा दिला. उभं राहवत नसेल तर भिंत, बसवत नसेल तर खुर्ची, छातीखाली लोड, डोक्याखाली घडी घातलेलं ब्लँकेट, भिंतीतल्या कड्यांना दोर. माणसाला आसनात कोंबायचं नाही, आसन माणसाच्या मापाचं करायचं, अशी ती पद्धत.

हे स्वतः त्यांनाही उपयोगी पडलं. १९७९ साली, साठी गाठल्यावर, त्यांना स्कूटरचे अपघात झाले. पाठ, खांदा, गुडघे दुखावले. आयुष्यभर केलेली आसनं जमेनाशी झाली. तेव्हा त्यांनी नवशिक्यासारखी पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं त्यात घातली. नव्वदी ओलांडल्यावरही ते रोज काही तास सरावाला देत. त्यात खुर्ची होती, लोड होते, दोर होते. ज्यांना जग गुरू मानत होतं त्यांना आधार घ्यायची लाज वाटली नाही, तर गुडघे धरून चढणाऱ्या आपल्या मावशीने का लाजावं?

एका काकांनी विचारलं, "सिस्टर, हे ब्राह्मणी नाही ना?" प्रश्न रास्त आहे. अय्यंगार ब्राह्मण घरातले, त्यांच्या वर्गाची सुरुवात पतंजलीच्या प्रार्थनेने होत असे आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण मेनुहिन ज्यू होते आणि गुरूबाजी नाकारणारे जे. कृष्णमूर्तीही त्यांच्याकडे आसनं शिकले. कंबरेच्या स्नायूला जात नसते. प्रार्थना म्हणायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. तपासून पाहावं, पटेल ते घ्यावं, बाकी सोडून द्यावं.

औषध आपल्या जागी

आता त्या तरुणाकडे येऊ. अय्यंगार यांना लहानपणी क्षय होता आणि ते योगाने सुधारले, ही गोष्ट बरेचजण सांगतात. पण साल पाहा. ते म्हैसूरला गेले १९३४ मध्ये. टीबीवरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. त्यांच्यापुढे औषधाचा पर्यायच नव्हता. आपल्यापुढे आहे आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट आहे. साध्या टीबीचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो, त्रास वाढतो आणि घरातल्या लेकराबाळांनाही तोच चिवट टीबी होऊ शकतो.

आम्ही त्या तरुणाला परत केंद्रावर नेलं. थुंकी पुन्हा तपासली, औषध पुन्हा सुरू झालं. आता गोळ्या डोळ्यांसमोर गिळल्याशिवाय त्याची आई त्याला कामावर सोडत नाही.

अय्यंगारही शेवटच्या आजारात रुग्णालयात दाखल झाले होते. २० ऑगस्ट २०१४ रोजी वयाच्या ९५व्या वर्षी पुण्यात ते गेले. योग करणाऱ्यालाही दवाखाना लागतो. बीपी, शुगर, टीबी, थायरॉईड यांची गोळी योग सुरू केला म्हणून कोणी बंद करू नये. आकडे सुधारले तर गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर सांगतील.

घरी काय करता येईल

दहा बाय बाराच्या खोलीत, नळाला पाणी यायच्या आधी पंधरा मिनिटं मिळाली तरी पुरे. पोट रिकामं हवं, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तासांनी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र फार वेळ उपाशी राहून करू नये.

१. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहा. दोन्ही पायांवर सारखा भार, खांदे मागे. एक मिनिट. दिवसभर वाकून काम करणाऱ्यांना यातच बरंच कळतं.

२. खाली सतरंजीवर उताणं झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. डोक्याखाली चादरीची घडी. पाच ते दहा मिनिटं. दुखऱ्या कंबरेला यात आराम मिळतो.

३. गोधडीची लांब गुंडाळी करा, ती पाठीच्या कण्याखाली उभी येईल अशी त्यावर झोपा. डोक्याखाली उशी. हात बाजूला सैल. छाती उघडते, श्वास मोकळा होतो. पाच मिनिटं.

४. खुर्चीवर आडवं बसा, पाठ हातांनी धरा आणि कंबरेतून हळू वळा. मग दुसऱ्या बाजूने. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. डगमगणारी प्लास्टिकची खुर्ची नको.

जपून कोणी

डोक्यावर उभं राहणं मोबाईल पाहून कोणीही करू नये. बीपी ताब्यात नसेल, काचबिंदू असेल, मानेचा त्रास असेल त्यांनी तर नाहीच. पाळीच्या दिवसांत उलटी आसनं टाळायची, असंच अय्यंगार यांच्या पद्धतीतही शिकवतात. गरोदर, नुकत्याच बाळंत झालेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या बायांनी आधी डॉक्टरांना किंवा नर्सला विचारावं. छातीत दुखलं, दम लागला, पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर आसन करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि शिकवणारा जबरदस्तीने दाबत असेल तर त्याला थांबवा. दुखतं हे सांगणं उद्धटपणा नाही.

त्या कंबरेच्या ताईंना आम्ही विहारातच सतरंजीवर झोपवलं आणि पाय खुर्चीवर ठेवले. दहा मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत. उठल्यावर म्हणाल्या, "दिवसाउजेडी अशी पडले, तर घरचे काय म्हणतील?" घरच्यांनो, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. ती दहा मिनिटं तिला द्या आणि खुर्चीही तुम्हीच आणून ठेवा.