प्रौढांची दंतोपचारांकडे पाठ : वेदना, खर्च, अंतर आणि गैरसमज

दात असह्य दुखू लागल्याखेरीज दंतवैद्याकडे न जाण्याची प्रवृत्ती देशातील प्रौढांमध्ये सर्वत्र आढळते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये असूनही ही स्थिती कायम आहे. त्यामागे प्रामुख्याने चार कारणे आहेत.

पहिले कारण वेदनेशी निगडित आहे. दाताच्या बाह्य कठीण आवरणात मज्जातंतू नसल्याने कीड लागल्यावर प्रारंभी काहीच जाणवत नाही. कीड आतील मज्जेपर्यंत पोहोचली की ठणका लागतो. मज्जा मृत झाल्यावर तो थांबतो आणि रुग्णाला दात बरा झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात संसर्ग मुळाशी पसरत असतो. हिरड्यांचे विकारही बहुधा वेदनेविना बळावतात.

दुसरे कारण खर्चाचे. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले दंतोपचार आरोग्य विम्यातून बहुधा वगळलेले असतात. प्रारंभी एका भेटीत भरता येणाऱ्या दातावर विलंबानंतर रूट कॅनल उपचार करावे लागतात व फेऱ्या वाढतात. रोजंदारीवरील कामगाराचा प्रत्येक फेरीगणिक रोज बुडतो. परिणामी, वाचवता येण्याजोगा दातही काढून टाकला जातो.

तिसरे कारण अंतराचे. बहुतांश दंतवैद्य शहरांत खासगी व्यवसाय करतात. ही दरी कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालये व त्याखालील शासकीय केंद्रांत दंतोपचार उपलब्ध करून देणे, हे त्याचे प्रमुख अंग आहे.

चौथे कारण गैरसमजांचे. वरचा दात काढल्यास दृष्टी अधू होते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. दातांची सफाई केल्याने दात हलू लागतात, हेही खरे नाही. साचलेल्या किटणाखालील हाड आधीच झिजलेले असते. किटण निघाल्यावर ती हानी केवळ उघड होते.

या विलंबाची सर्वांत मोठी किंमत मुखाच्या कर्करोगात मोजावी लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २८.६ टक्के व्यक्ती तंबाखूचे सेवन करत होत्या. महाराष्ट्रातील मशेरी आणि पूर्वेकडील राज्यांतील गुल यांचा वापर तर दात घासण्यासाठीच होतो. असे असूनही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ ०.९ टक्के महिला व १.२ टक्के पुरुषांनी कर्करोगासाठी कधी तरी मुखतपासणी करून घेतल्याचे आढळले.

हा कर्करोगही प्रारंभी सहसा दुखत नाही. दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा किंवा तोंड उघडण्यास होणारा त्रास आढळल्यास तत्काळ तपासणी आवश्यक आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये ३० वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी मुखकर्करोगाच्या प्राथमिक तपासणीची तरतूद असून तिचा लाभ वेदना सुरू होण्यापूर्वीच घेणे हिताचे ठरते.