हिशेब आणि विश्वास

शासनाचा पैसा हा जनतेचाच असतो. म्हणून त्याचा हिशेब मागण्याचा अधिकारही जनतेला आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट गावकऱ्यांसमोर वाचले गेले, तेव्हा कामावर कधीच न गेलेल्यांच्या नावेही मजुरीची नोंद आढळली. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवस धरणे झाले. पुढे २००५ साली माहितीचा अधिकार कायद्याने मिळाला. आज जयपूरच्या खातीपुऱ्यातील रहिवासीही आपल्या रस्त्यावरील खर्च अर्जाद्वारे विचारू शकतो. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. कागद दडवले की संशय वाढतो. हिशेब वेळेवर मिळाला, तरच शासनावरील विश्वास टिकतो.