डिकीतला दगड

"आजोबा, डिकीत हा दगड कशाला?"

अगं, तो माझ्या जुन्या गाडीचा सोबती! खंडाळ्याच्या घाटात पुढचा ट्रक थांबला की आपणही थांबायचं, आणि पुन्हा निघताना गाडी मागे घरंगळायची. एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर. अ‍ॅक्सिलरेटरसाठी तिसरा आणणार कुठून? मग तुझी आजी खाली उतरून चाकामागे हा दगड लावायची. चिडायची, पण लावायची नेमका.

आज सकाळी येलहंक्याहून नंदी हिल्सला गेलो ना? डोंगर चांगला १४७८ मीटर उंच. वळणावर रांग लागली, पुन्हा निघताना मी ब्रेकवरचा पाय उचलला, तरी गाडी तसूभर मागे सरली नाही. ही हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली. इथल्याच बिडदीत बनलेली, टोयोटा किर्लोस्करची. किर्लोस्कर म्हणजे तेच, आपले नांगरवाले!

इंजिनाची गंमत अशी, की चालू राहायचं तर त्याला मिनिटाला सात-आठशे फेरे मारावेच लागतात. चाक उभं, इंजिन पळतंय; दोघांची गाठ अलगद घालायला क्लच. विजेच्या मोटरला ही कटकट नाही. फ्रीजच्या दारावरचं चुंबक बघ, जागचं हलत नाही तरी कागद धरून ठेवतं की नाही? मोटरमध्ये चुंबकंच एकमेकांना रेटतात, आणि रेटण्यासाठी आधी फिरावं लागत नाही. उलट निघतानाच तिचा जोर सगळ्यात जास्त.

शिवाय गाडीतला सेन्सर चढ ओळखतो आणि पाय उचलल्यावरही ब्रेकमधल्या तेलाचा दाब दोनेक सेकंद टिकवून ठेवतो. म्हणजे आजीचा दगडच, फक्त न चिडणारा!

मोटरचा हा निघतानाचा जोर रेल्वेला कधीच उमगलाय बरं. आपल्या येलहंक्यात १९८४ पासून रेल्वेची चाकं बनतात ना? मालगाडी ओढणारं डिझेल इंजिनसुद्धा बहुधा चाकं स्वतः फिरवत नाही. डिझेलवर वीज करायची, चाकं फिरवायची मोटरनंच.

पण म्हणून चढावर ब्रेक न लावता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही हं. मोटर फिरत नसली की वीज त्याच त्या वेटोळ्यांतून वाहत राहते, आणि ती तापतात. म्हणून रांग हलेपर्यंत माझा पाय ब्रेकवरच होता.

दगड? असू दे तिथंच. तुझ्या आजीनं निवडलाय तो.