मेन स्ट्रीटवरचं टॉडांचं घर

लिंकन म्हटलं की आपल्याला आठवतं ते शाळेच्या भिंतीवर फ्रेम करून टांगलेलं हेडमास्तरांना पत्र. ते त्यांनीच लिहिल्याचा पुरावा मिळत नाही, पण तो विषय वेगळा. त्यांच्या बायकोची, मेरी टॉडची ओळख करून घ्यायची तर केंटकी राज्यातलं लेक्सिंग्टन गाठावं. तिथे वेस्ट मेन स्ट्रीटवर, अगदी रस्त्याला लागून, विटांचं दुमजली घर उभं आहे. चौदा खोल्यांचं हे घर ऐसपैसच, पण जवळच्या रप अरीना या स्टेडियमच्या अवाढव्य धुडापुढे खेळण्यातलं वाटतं.

मुळात ही उतारूंची सराई. १८३२ मध्ये मेरीचे वडील रॉबर्ट टॉड इथे राहायला आले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आई ती सहा वर्षांची असतानाच गेलेली. सावत्र आईशी तिचं कधी फारसं जमलं नाही. वडील व्यापारी आणि राजकारणी. हेन्री क्लेसारखा बडा नेता घरोब्यातला, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरच मुलीच्या कानांवर राजकारण पडे. मादाम मेंतेल यांच्या शाळेत ती फ्रेंच शिकली. १८३९ मध्ये बहिणीकडे स्प्रिंगफील्डला गेली आणि लिंकन तिला तिथेच भेटले.

या घरातली चूल मात्र गुलामांच्या जिवावर पेटत होती. मुलांना सांभाळणारी मॅमी सॅलीसुद्धा गुलामच. गुलामांचा लिलाव होई तो चीपसाइडचा चौक इथून थोड्याच अंतरावर. मला हे घर महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. नुसतं जुनं फर्निचर बघायला इतक्या लांब कशाला जायचं?

१८४९ मध्ये रॉबर्ट टॉड कॉलऱ्यानं गेले, मृत्युपत्रावरून मुलांत वाद झाला आणि घर विकावं लागलं. पुढे इथे कुंटणखानाही चालला. केंटकीचे गव्हर्नर लुई नन यांच्या पत्नी ब्यूला नन यांनी पुढाकार घेतला, म्हणून ते वाचलं. १९७७ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. एखाद्या फर्स्ट लेडीच्या स्मरणार्थ जतन केलेलं अमेरिकेतलं पहिलं घर, अशी त्याची ओळख आहे. आत टॉड आणि लिंकन कुटुंबांच्या काही वस्तू आहेत.

पण खरी गोष्ट इथल्या दारातली. १८४७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, खासदार म्हणून वॉशिंग्टनला जाता जाता लिंकन बायकोमुलांसह सुमारे तीन आठवडे या सासुरवाडीत राहिले. सावत्र सासूबाईंचा भाचा त्यांच्याच आगगाडीनं आला होता. तो आधी घरी पोचला आणि डब्यातली दोन कार्टी आणि त्यांचा लंबूटांग बाप यांच्या नावानं खडे फोडू लागला. तेवढ्यात तीच मंडळी दारात उतरली. भाचा जो पसार झाला, तो पाहुणे जाईपर्यंत फिरकला नाही! दहा वर्षांची एमिली, मेरीची सावत्र बहीण, तो उंच माणूस पाहून गोष्टीतला राक्षसच आला असं समजून आईच्या झग्याच्या घोळात दडली. लिंकननी तिला उचलून घेतलं आणि ‘छोटी बहीण’ म्हटलं.

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं तेव्हा टॉडांचं घर उभं दुभंगलं. मेरीचे सावत्र भाऊ दक्षिणेकडून लढले, काही मारले गेले. एमिलीचा नवराही दक्षिणेचा जनरल. तो १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत पडला. त्याच डिसेंबरात ती विधवा एमिली थेट व्हाइट हाऊसमध्ये, आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या लिंकनकडे आली. बंडखोराच्या बायकोला घरात का ठेवलंत, असं एका सेनाधिकाऱ्यानं लिंकनना सुनावलं. आमच्याकडे पाहुणा कोण येणार ते आम्ही नवरा-बायको ठरवतो, असं ते म्हणाले, ही आठवण टॉडांच्या घरात पुढे सांगितली जाई.